रोजची फेरी
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी कीर्तनकार नाही, प्रवचनकारही नाही. रेल्वेच्या पी-वे विभागात, म्हणजे रुळांच्या देखभालीत, नोकरी करतो. 'धावपळीच्या जीवनात उपासना' हा विषय अध्यक्षांनी मला दिला तेव्हा घरचे सगळे हसले. कारण "वेळ मिळत नाही" हे वाक्य आमच्या घरात सर्वांत जास्त मीच म्हणत आलो आहे.

आमचे देवघर आई सांभाळायची. 2018 साली ती गेली. तेरावे झाले, पाहुणे परतले आणि मी ड्युटीवर रुजू झालो. पावसाळ्याचे दिवस होते. कुठे भराव खचतो, कुठे पुलाखाली पाणी चढते, फोन रात्री केव्हाही वाजतो. पूजा उद्यावर गेली, मग रविवारवर गेली. सौ. शाळेत शिकवते. तिला वाटे मी करीन, मला वाटे ती करील. मनात मात्र ठरवलेले होते की एकदा चांगले दोन तास काढून साग्रसंगीत पूजा करायची. ते दोन तास काही सापडले नाहीत.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी देवघर आवरायला बसलो. आईची गोमुखी उचलली, तर तिच्याखाली तेवढीच जागा स्वच्छ आणि बाकी सगळीकडे धूळ. बाळकृष्ण काळा पडलेला. मुलगी शेजारी उभी होती. म्हणाली, "बाबा, आजी रागावली नसती. ती नुसती गप्प बसली असती." साहेबांची बोलणी पुष्कळ खाल्ली आहेत, पण हे वाक्य फार लागले.

त्याच आठवड्यात लाईनवर आमचा चाबीवाला भेटला. आपल्यापैकी जे रेल्वेत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चाबीवाला, म्हणजे कीमन, आपल्या हद्दीतले पाच-सहा किलोमीटर रोज पायी तपासतो. एका किलोमीटरला 1660 स्लीपर, प्रत्येक स्लीपरला चार क्लिपा. म्हणजे किलोमीटरला 6640 क्लिपा झाल्या. निसटलेली दिसली की हातोडीने ठोकून बसवायची आणि पुढे चालायचे. मी सहज विचारले, एवढे सगळे रोज कसे जमते? तो म्हणाला, "साहब, रोज देखता हूँ, इसीलिए जल्दी हो जाता है. एक दिन छूटा, तो दूसरे दिन दुगुना काम."

माझी चूक तिथे कळली. आम्ही मोठा ब्लॉक घेतो, मशीन लावतो, रूळ बदलतो. ते लागतेच. पण ब्लॉक मिळेल तेव्हा पाहू म्हणून रोजची फेरी कोणी बंद ठेवत नाही. देवाच्या बाबतीत मी नेमके तेच करत होतो. गणपतीचे दहा दिवस हा आपला मोठा ब्लॉक. उरलेल्या वर्षाची फेरी कोणी करायची?

तेव्हापासून अंघोळ झाली की दहा मिनिटे देवापुढे बसतो. दिवा, गंध, एक फूल आणि एकदा अथर्वशीर्ष. फूल नसेल तर अक्षता. मन लागतेच असे नाही. पुष्कळदा डोक्यात ब्लॉकचा हिशेब चालू असतो. तरी उठत नाही.

आणखी एक गोष्ट मी त्या चाबीवाल्याकडूनच घेतली. त्याच्या सुट्टीच्या दिवशी बदली माणूस ती हद्द चालतो, हद्द रिकामी राहत नाही. मी रात्री लाईनवर अडकलो तर सकाळी मुलगी दिवा लावते, तिची परीक्षा असेल तर सौ. लावते. पूजा घराची आहे, ती एकट्याच्या डोक्यावर ठेवू नये. आईच्या डोक्यावर आम्ही ती वर्षानुवर्षे ठेवली, हेही आज कबूल करतो.

आपल्या तरुण सहकाऱ्यांना एक सांगणे. कामावर असताना नामस्मरणाच्या नादात राहू नका. रुळावर उभे असताना डोळे आणि कान गाडीकडेच हवेत. त्या वेळी तीच आपली उपासना. घरी आल्यावर बाप्पा आहेच.

शेवटी मंडळाला एक विनंती. लोकमान्यांनी चौकातल्या या उत्सवाला बळ दिले ते सर्वांना येता यावे म्हणून. आपली रात्रपाळीची मंडळी सकाळी आठला सुटतात आणि आपली सकाळची आरती साडेसातला आटोपते. वर्षानुवर्षे दहाही दिवस ती चुकलेले लोक इथे बसले आहेत. आरती साडेआठला ठेवली, तर ते घरी जाताना हात जोडून, प्रसाद घेऊन जातील. त्यांना वेळ मिळत नाही असे म्हणण्यापेक्षा वेळच एक तास पुढे करू या.



गणपती बाप्पा मोरया!