दागिना उलटा धरा

(कोल्हापुरात वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय, 'पैलूदार खड्यांचे जडकाम : नवशिक्यांसाठी'. छपाईची चूक नाही, मीच तो दिला होता. पण पुढच्या रांगांतल्या वहिनींकडे बघून वाटतंय की त्या सोन्याचा दर कधी उतरणार ते ऐकायला आल्यात. ते मला कळत असतं तर मी श्रीफळ आणि शालीवर व्याख्यान द्यायला आलो नसतो. (हशा)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला मध्येच उठावं लागलं तरी हरकत नाही. खड्याचा दागिना समोरून बघून काही कळत नाही. तो उलटा धरून बघायचा. समोरची बाजू पॉलिशनं आणि पेढीवरच्या दिव्यांनी कशीही सजवता येते. मागं मात्र कानशीचा ओरखडा राहतो, डाकाचा गोळा राहतो, तिरकी लागलेली तार राहते. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं पहिल्या दिवशी खडा मागतात. मी त्यांना जुनी मोडीतली अंगठी देतो आणि म्हणतो, हिची पाठ बघ आणि काय दिसतं ते सांग. निम्मी पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत. (हशा) चांदीचे पैंजण घडवणाऱ्या हुपरीकडच्या पोराला हे सांगावं लागत नाही. पैंजण पायात चालता चालता फिरतं, त्याला पुढची आणि मागची बाजू असा भेद परवडत नाही.

आता गळ्यातला कोल्हापुरी साज. कोल्हापूरच्या माणसाला साजातली एकवीस पानं मोजून दाखवायची म्हणजे पंचगंगेला पाणी दाखवण्यासारखं आहे. दशावतार, अष्टमंगल, डोरलं, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, पुढं जातो. मला त्यातली दोनच पानं हवीत, एक माणकाचं आणि एक पाचेचं. हे खडे कसे बसवलेले असतात? बंद कोंदणात. चारी बाजूंनी सोनं, खाली सोन्याचा पत्रा, आत लाख. आपल्याकडचं जुनं जडकाम बहुतेक असंच. कुंदनात तर शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या खड्याच्या कडेनं दाबत जातात. शुद्ध सोनं इतकं मऊ की नुसत्या दाबानं थराला थर चिकटतो, आच लावावीच लागत नाही. खड्याखाली चकाकता वर्ख घालतात, त्यानं खडा उजळ दिसतो.

आणि अशा दागिन्याच्या पाठीवर जयपूरच्या कारागिरानं काय केलं? मीनाकाम केलं. लाल, हिरवी, पांढरी फुलं, पोपट, वेलबुट्टी. ती बाजू अंगाला लागते, लोकांना दिसत नाही, तरी केली. यापेक्षा मोठा पुरावा मला माझ्या बाजूनं द्यायचा नाही.

पण बंद कोंदण पैलूदार खड्याला मानवत नाही. पैलू पाडलेल्या खड्यात उजेड वरून शिरतो, खालच्या उतरत्या पैलूंवर आपटून वळतो आणि वरूनच बाहेर पडतो. त्याच्या खाली लाख आणि पत्रा भरला की बाजूनं येणारा उजेड बंद होतो, आणि पाठीला मळ धरला की खडा मेल्यासारखा दिसतो. म्हणून त्याला उघडं घर लागतं. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीनं १८८६ मध्ये सहा प्राँगची, म्हणजे खडा धरणाऱ्या सहा नख्यांची, अंगठी काढली, हिरा कड्याच्या वर उचलून धरलेला. आज आपल्या गुजरीच्या सराफ पेठेतल्या कुठल्याही काचेच्या कपाटात जी साखरपुड्याची अंगठी दिसते, ती तिचीच नात.

इथं मला नासक हिऱ्याची आठवण होते. हे माझ्या टिपणात नाही, पण आठवलंच आहे तर सांगतो. त्र्यंबकेश्वराच्या देवाचा म्हणून सांगितला जाणारा हा हिरा दुसऱ्या बाजीरावाकडून १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. वजन नव्वद कॅरटच्या आतबाहेर. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे हिरा जवळजवळ अठरा ग्रॅमचा, दीड तोळ्याचा. आपल्या घासणाऱ्यानं त्याचं वजन राखलं होतं. मोठा खडा मोठाच दिसला पाहिजे, हा आपला हिशोब. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो पुन्हा घासला आणि ऐंशीच्या आसपास आणला. पुढं तो वेस्टमिन्स्टरच्या उमरावाच्या तलवारीच्या मुठीत जाऊन बसला. १९४० मध्ये अमेरिकेच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानं तो घेतला आणि आणखी घासून ४३.३८ कॅरटवर आणला. निम्म्याहून जास्त हिरा भुकटी होऊन गेला! का? उजेडासाठी. मग तो न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत बाईच्या बोटात गेला, अंगठीत. त्रेचाळीस कॅरटची अंगठी घालून त्या बाई जेवत कशा असतील, हे मला अजून कळलेलं नाही. (हशा) १९७० च्या लिलावात एका ट्रक कंपनीच्या अधिकाऱ्यानं तो पाच लाख डॉलरना घेतला.

काय म्हणता? परत आणायला पाहिजे? जरूर आणा, पण आणल्यावर बसवायचा कशात, यावर आपल्यात दहा वर्षं वाद चालेल. (हशा, टाळ्या) माझं म्हणणं एवढंच की हिरा एकच. आपल्या माणसानं त्यात वजन बघितलं, त्यांनी उजेड बघितला. दोघंही खरे. पण उजेड बघायचं ठरलं की घर उघडं लागतं, आणि घर उघडं असलं की काम उघडं पडतं. प्राँगच्या दागिन्यात लपवायला लाखच नाही.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. 'विषयाकडे वळावे', असं लिहिलंय. वळतो.

समजा तुम्हाला घरी बसून एक खडा बसवायचा आहे. चांदी घ्या, ९२.५ टक्क्यांची. शुद्ध चांदी मऊ पडते, प्राँग उघडतात. बावीस कॅरटच्या सोन्याचंही तेच, म्हणून बारीक खड्यांचे दागिने अठरा कॅरटमध्ये करतात. खडा घ्या सहा मिलिमीटरचा गोल, अमेरिकन डायमंड. अमेरिकनही नाही आणि डायमंडही नाही, पण कडक आहे आणि फुटला तर घरात रडारड होत नाही. तार जंत्रातून, म्हणजे भोकांच्या पट्टीतून, ओढून ०.९ मिलिमीटरवर आणा. तिची दोन कडी करा, एक खड्यापेक्षा जरा लहान, दुसरं त्याहून लहान. कड्यांना समोरासमोर चार खाचा घ्या, त्यांत चार उभ्या तारा बसवा, सवागी म्हणजे टाकणखार लावा, डाक द्या. आच कड्यांसकट सगळ्या घराला सारखी लागली पाहिजे. एकाच तारेवर ज्योत रोखली की ती तार तुमच्यासमोर पाघळून थेंब होते.

खडा अजून हातात घ्यायचा नाही. सगळी झाळकामं, घासणं, आतलं पॉलिश आधी. खडा शेवटी. मग तो घरावर ठेवून वरून बघा. प्राँगच्या जाडीतला आतला एक तृतीयांश भाग खड्याखाली झाकला गेला तर माप बरोबर. निम्मा झाकला गेला तर घर लहान झालंय, ते मोडा. नवशिका इथं मोडत नाही, खाच खोल करतो. खाच खोल झाली की प्राँग तिथं कागदासारखा पातळ होतो, आणि सहा महिन्यांनी भाकरी थापताना तुटतो.

पैलूदार खड्याला कंबर असते, वरचा आणि खालचा उतार जिथं मिळतात ती कड. खाच त्या कंबरेसाठी घ्यायची, चारही प्राँगना एकाच उंचीवर. आपण तालमीच्या गावातली माणसं, लगेच कळेल. पैलवान कंबरेला पकडतो. खड्यालाही कंबरेला पकडायचं, प्राँगचं टोक वर नुसतं टेकवायचं. मधला सपाट भाग, त्याला टेबल म्हणतात, तिथपर्यंत प्राँग पोचला तर खडा झाकला गेला.

खडा खाचांत सरळ बसला की दाबायला घ्या. एक प्राँग थोडा, मग त्याच्या बरोबर समोरचा थोडा. मग उरलेली जोडी. पुन्हा पहिली. एकच प्राँग पूर्ण दाबला की खडा दुसऱ्या बाजूनं उचलतो, आणि तो सरळ करायला जो जोर लावाल त्यात कंबरेचा टवका जातो. आणि चांदीचा एक गुण लक्षात ठेवा. वाकवली की ती कडक होते. डाक दिल्यावर ती मऊ असते, ती मऊ आहे तोवरच काम उरकायचं. प्राँग वाकवला, उघडला, पुन्हा वाकवला, असा खेळ केला की तो तुटणार. त्यात कुणाचा दोष नाही, धातूचा स्वभाव आहे.

दहा मिनिटं राहिली म्हणे. मग रत्नांच्या कडकपणाचं सगळं कोष्टक सोडून देतो. मोहस नावाच्या गृहस्थांनी १८१२ मध्ये ते केलं, हिरा १०, माणिक आणि नीलम ९, पुष्कराज ८, स्फटिक ७. त्यात एक फसगत आहे तेवढी सांगतो. कडक म्हणजे न फुटणारा असं नाही. पुष्कराज एका दिशेनं सरळ दुभंगतो. पाचेत आतून भेगा असतात, त्या बहुतेक तेलानं भरलेल्या असतात. तिला आच लावायची नाही, ठोकायचं नाही, मशीनच्या धुण्यात टाकायची नाही. शिकाऊ माणसानं पाचेला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागून एका काकांनी विचारलंय की आता सगळं कास्टिंगमध्ये तयार मिळतं, मेणातच खडे खोचून वरून धातू ओततात, मग हे हातानं कशाला? काका पेढीवाले आहेत, मी ओळखतो, आणि माझं पेढीवाल्यांशी वैर नाही. त्यांच्याच कामावर माझं घर चाललं. कास्टिंगचं घर चांगलं असू शकतं. हातानं केलेलं वाईट असू शकतं, माझ्या वर्गात या, ढिगानं दाखवतो. (हशा) मी हातकामाची आरती करायला आलो नाही. पण मेणात बसवलेल्या खड्याखाली कुणी कधी बघितलेलंच नसतं. हातानं बसवणाऱ्याला प्रत्येक प्राँगजवळ डोळा न्यावाच लागतो. ज्यानं आयुष्यात एक खडा, एकच, हातानं बसवला, त्याला पुढं कुठल्याही दुकानात फसवणं अवघड आहे. मी शिकवतो ते कारागीर तयार करायला नाही, गिऱ्हाईक तयार करायला. यावर माझ्यावर व्यवसायद्रोहाचा आरोप झालेला आहे, तो मला मान्य आहे.

कुणी म्हणेल, हॉलमार्क आहे की. १६ जून २०२१ ला पहिल्यांदा २५६ जिल्ह्यांत सक्ती आली, चांगलंच झालं. पण तो शिक्का सोनं किती शुद्ध एवढंच सांगतो. खडा किती घट्ट बसलाय, प्राँग किती पातळ आहे, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. आणि कुंदन, पोलकी, जडाऊ तर त्या सक्तीतून वगळलेलेच आहेत. आपण दर विचारतो, घडणावळ कमी करून मागतो, खड्याचं वजन सोन्याच्या भावात धरलं नाही ना ते बघतो. तिथं कोल्हापूरकराचा हात कुणी धरणार नाही. पण अंगठी उलटी करून भिंग मागणारं गिऱ्हाईक मी क्वचितच बघितलं. मागितलं तर पेढीवाला देतो. न दिलं तर दुसरी पेढी शेजारीच आहे.

नवरात्राआधी अंबाबाईचे दागिने स्वच्छ करायला काढतात, पेपरात फोटो येतात. देवीच्या दागिन्यांची दरवर्षी उलटून पालटून तपासणी होते आणि आपल्या बोटातली अंगठी लग्नापासून कुणी बघितलेली नसते.

वेळ संपली, अध्यक्ष उभेच राहिलेत. आभारप्रदर्शन व्हायच्या आत एवढं करा. अंगठी काढा, कानाजवळ धरून हलवा. आवाज आला तर खडा सैल आहे. आवाज नाही आला तर घरी गेल्यावर प्राँग लोकरीच्या शालीवर सगळ्या बाजूंनी हलके फिरवा. धागा अडकला तर प्राँगखाली फट आहे. मग उलटी धरा आणि मागची घाण जुन्या मऊ ब्रशनं, कोमट साबणाच्या पाण्यात काढा, मोती आणि पाच सोडून. आणि ज्यांचा खडा आत्ता इथंच हलला, त्यांनी ती अंगठी आज बोटात घालून गाडीवर बसू नये. रुमालात बांधून न्या आणि उद्या सकाळी सोनाराकडे द्या. प्राँगला टोक चढवायला फार खर्च येत नाही.