आमच्या प्रयोगशाळेतली माणसं
(कोल्हापुरात स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



रोगप्रतिकारशास्त्र म्हणजे शरीर आपलं कोण आणि परकं कोण हे कसं ओळखतं, त्याचा अभ्यास. सासरी गेलेल्या प्रत्येकीला तो विनापदवी घडतो. म्हणून शास्त्र थोडं बाजूला ठेवते आणि विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींची ओळख करून देते.

घरचे कर्ते म्हणजे आमचे सर. फार सज्जन. त्यांना सूक्ष्मदर्शकाखालची पेशी दिसते, टेबलावरचा स्वतःचा उष्टा कप दिसत नाही. मग आजेसासूबाई, म्हणजे उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर. दिवसभर कुरकुर, दार जरा उघडं राहिलं की आरडाओरडा. पण घराची सगळी पुंजी त्यांच्याच पोटात. वीज गेली की आम्ही आधी त्यांच्याकडे धावतो.

उंदीर आहेत, त्यात बहुतेक माद्या. नर एका पिंजऱ्यात ठेवले की चावाचावी करतात, माद्या गुण्यागोविंदाने नांदतात. जगभरच्या अशा प्रयोगशाळांत त्यामुळे माद्यांनाच पसंती. समजूतदारपणाचं बक्षीस काय, तर सुई आधी तिला! माणसांतही निराळं नाही. आपल्या देशात देवीची लस प्रथम यशस्वी झाली ती १४ जून १८०२ रोजी मुंबईत, अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर. तिच्या दंडावरच्या फोडातून लस घेऊन ती इतर मुलांना टोचली, आणि अशीच दंडादंडांवरून ती पुढे गेली. तिच्याबद्दल नोंद काय उरली? पोर शांत स्वभावाची होती, एवढीच.

आता मावशी. काचसामान धुणं आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे आमचा मोठा प्रेशर कुकर, त्यांच्याकडे. पेशी ज्या पाण्यात वाढवतो ते लालसर असतं. जंतू शिरले की आम्ल होतं, पाणी पिवळं पडतं, गढुळतं. एका सकाळी मावशी म्हणाल्या, "ताई, तुमचा तांबडा रस्सा नासला बघा." सरांना ते दुपारी कळलं! तोवर मावशींनी बाकीच्या बाटल्या बाजूला काढायला लावून तीन आठवड्यांचं काम वाचवलं होतं. त्या ठेकेदाराकडून येतात, आजारपणाची रजा नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आईवडील, गुरुजन, परमेश्वर सगळे असतात, मावशी नसायच्या. परवा एकीने त्यांचं नाव घातलं, तर त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

आणि आमच्या मुली. पेशींना वसतिगृहाची वेळ कळत नाही, ही खरी अडचण. दर सहा तासांनी नमुना घ्यायचा तर पाचनंतर रात्री अकरा, मग पहाटे पाच. मुलींचं फाटक आठला बंद. मग रात्रीचे नमुने मुलगे घेतात आणि 'त्याने जागून केलं' म्हणून निबंधावर पहिलं नावही त्याचंच लागतं. मी विद्यार्थिनी होते तेव्हा कल्पना माझी, मांडणी माझी, नाव तिसरं. तेव्हा मी गप्प बसले. आजही त्याची लाज वाटते.

या मुली गप्प बसल्या नाहीत. त्यांनी अर्ज दिला: रात्रीच्या कामाला परवानगी, रस्त्यावर दिवे, परतायला गाडी, आणि विभागातलं बायकांचं संडास रात्री कुलूपबंद नको. उत्तर आलं, पालकांचं संमतीपत्र आणा. सव्वीस वर्षांच्या मुलीने! एकीचे वडील शाहूवाडीहून आले, कागद वाचला आणि कारकुनाला विचारलं, "पोरांनी पण आणलंय का?" कारकून फायली चाळायला लागला. वडिलांनी सही केली नाही. म्हणाले, "पोरांची आधी आणा, मग माझी घ्या."

आता दुसरा अर्ज जातोय. त्यावर मावशींचीही सही आहे, ठेक्याची नोकरी असूनही. त्या तिथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, हिरव्या लुगड्यात. कागद त्यांच्याच पिशवीत आहे. चहाच्या सुट्टीत ज्यांना सही करायची त्यांनी त्यांना गाठा. पेन मात्र आपलं आणा, त्यांचं सरांनी नेलंय.