बाजारात तुरी

(नांदेड येथे गल्लीतील वाचकांच्या एका बैठकीत निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी मी निवडलेला विषय ऐकून एका तरुण मित्राने मला विचारले, "गुरुजी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पांवर भाषण ते काय करायचे?" त्याची शंका रास्त आहे. विचार सभागृहात करायचा, मत मतपेटीत टाकायचे आणि ओट्यावर बसून फक्त वेळ घालवायचा, अशी वाटणी आपण सर्वांनीच मनोमन केलेली असते. मीही केली होती. परंतु देशाच्या अर्थकारणातला एक मोठा धडा मला कोणत्या ग्रंथाने नव्हे, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या भाजीच्या गाड्याने शिकवला. आयुष्यभर शिकवण्याचे काम केलेल्या माणसाला तो समजायला दोन वर्षे लागली, हे आधीच कबूल करून टाकतो. तो धडा तुरीच्या डाळीचा आहे.

आमच्या गल्लीत रोज दोन बैठका भरतात. सकाळची गाड्याभोवती, बायकांची. संध्याकाळची चाचांच्या चहाच्या टपरीवर, पुरुषांची. सकाळच्या बैठकीला आपण बाजारहाट म्हणतो आणि संध्याकाळच्या बैठकीला राजकारण. सकाळी कोथिंबिरीची जुडी केवढ्याला यावर वाद होतो, संध्याकाळी सरकार पडणार की टिकणार यावर. नांदेडची गल्ली म्हटल्यावर मराठीत सुरू झालेला वाद उर्दूत रंगतो, मध्येच कोणी तेलुगूत पुटपुटतो आणि शेवट हसण्यात होतो. या दोन बैठकांचा विषय वस्तुतः एकच असतो, हे मात्र दोन्हीकडच्यांना ठाऊक नसते.

२०१५ सालच्या ऑक्टोबरात तो विषय अचानक एक झाला. तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. टपरीवर चाचा म्हणाले, "गुरुजी, घर की मुर्गी दाल बराबर म्हणत होते ना? अब मुर्गी सस्ती, दाल महंगी! म्हणीच बदलाव्या लागतात." सगळे हसले. कोणी म्हणाले, आता जावयाला वरण वाढायचे आणि मुलांना वास द्यायचा. मग नेहमीप्रमाणे निदान सुरू झाले. एकाचे मत पडले की व्यापाऱ्यांनी माल दाबला. राज्यात गोदामांवर छापे पडत होते, हजारो टन डाळी जप्त होत होत्या. तेव्हा ते मत अगदीच निराधार नव्हते. दुसरा म्हणाला, "शेतकऱ्याची चंगळ झाली बघा. आपल्या खिशातून काढून त्यांच्या घरात चाललंय सगळं." या दुसऱ्या मताला मी मान डोलावली. एवढेच नव्हे, तर भाव आणखी चढेल या भीतीने त्याच संध्याकाळी पाच किलो डाळ आणून ठेवली. साठेबाजांवर तावातावाने बोलून घरी जाताना आपणही आपल्या ऐपतीची साठेबाजी केली, हे त्या वेळी माझ्या लक्षातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या अक्का गाड्यापाशी भेटल्या. अक्कांचे माहेर लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात. भाऊ शेती करतो. मी थट्टेने म्हणालो, "अक्का, यंदा तुमच्या दादाची दिवाळी जोरात. भाऊबीजेला पैठणी मागा." अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, दादानं तूर संक्रांतीलाच आडतीला घातली. बी-बियाणाची उधारी होती, ठेवणार कशाच्या भरवशावर? आता त्याच्या घरी बी दुकानाचीच डाळ शिजायली." मग त्यांनी भाजीवाल्याच्या तराजूकडे बघत हिशेब मांडला. शंभर किलो तुरीची डाळ साधारण सत्तर किलो पडते. दोनशेच्या भावाने तिचे चौदा हजार होतात. दादाला क्विंटलमागे सहा हजारसुद्धा मिळाले नव्हते. "मधले कुठं गेले, ते तुमच्या चहाच्या बैठकीत विचारा," एवढे बोलून त्या पिशवी घेऊन निघून गेल्या.

मित्रहो, मराठीत एक जुनी म्हण आहे: बाजारात तुरी, भट भटणीला मारी. तूर अजून बाजारात आहे, घरात आलेलीही नाही. आणि तिच्यावरून घरातली दोन माणसे एकमेकांवर तुटून पडली आहेत. आमच्या गल्लीचे नेमके तेच झाले होते. डाळ विकत घेणारा आणि तूर विकणारा, ही एकाच घरातली, बहीणभावाच्या नात्यातली माणसे. त्यांना एकमेकांची सुबत्ता खुपायला लागावी, यासारखी सोय बाजाराला दुसरी कोणती?

त्या दिवाळीत मी लातूरला मुलीकडे गेलो होतो. लातूरची गंजगोलाई आपण सर्वांनी पाहिली आहे. मधोमध अंबाबाईचे देऊळ, भोवती गोलाकार बाजार आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. ज्या जिल्ह्यात तूर पिकते, ज्या शहरातल्या डाळमिलची डाळ दूरदूरच्या राज्यांत जाते, त्या शहरातही डाळीचा भाव आमच्यासारखाच होता. मुलीच्या शेजारणी ओसरीवर बसून तेच बोलत होत्या. एक म्हणाली, "गंगेच्या काठी राहून पाणी विकत घ्यावं, तसं झालंय." तिचे शब्द सहा महिन्यांत अक्षरशः खरे ठरले. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे हुकले होते. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले; १२ एप्रिलच्या पहाटे पोहोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. डाळ विकत आणि ती शिजवायचे पाणीही विकत, अशी ती वर्षे होती. दोन्हींच्या मुळाशी एकच दुष्काळ होता. पण दुष्काळात पिकवणाऱ्याचे उत्पन्न बुडते आणि खाणाऱ्याचा खर्च वाढतो, या दोन गोष्टी आपण निरनिराळ्या बैठकांत बोलत राहिलो.

पुढचे वर्ष उलटे उजाडले. २०१६ चा पाऊस चांगला झाला. आदल्या वर्षीचा भाव पाहून आणि सरकारच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन शेतकऱ्यांनी तुरीचा पेरा वाढवला. देशातले तुरीचे उत्पादन आदल्या वर्षी सुमारे २६ लाख टन होते, ते जवळजवळ ४९ लाख टनांवर गेले. त्याच वर्षी देशात सर्व मिळून सुमारे ६६ लाख टन कडधान्ये आयात झाली. २०१६ च्या जुलैमध्ये, म्हणजे इकडे पेरणी चालू असताना, मोझांबिकशी दीर्घ मुदतीचा आयातीचा करार झाला. निर्यातीवरची बंदी मात्र तशीच राहिली. येणाऱ्या मालाला दार सताड उघडे, जाणाऱ्या मालाला कडी. मग घरात गर्दी व्हायचीच! हमीभाव बोनससह क्विंटलला ५०५० रुपये होता, आणि मोंढ्यात तूर चार हजारांच्या आसपास विकली जात होती.

टपरीवर आनंद होता. डाळ शंभराच्या खाली आली होती. "आता कसं सरकार वळणावर आलं!" असे कोणी म्हणाले, आणि चाचांनी कोंबडीचे स्थान पूर्ववत झाल्याचे जाहीर केले. अक्कांचा दादा त्या वेळी सरकारी खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरच्या रांगेत होता. कधी बारदाना नाही, कधी गोदामात जागा नाही, कधी मोजणारा माणूस नाही. रात्री ट्रॉलीखालीच झोपायचे, कारण राखण सोडली तर माल जायचा. २२ एप्रिल २०१७ रोजी खरेदी थांबली. त्या तारखेपर्यंत केंद्रावर आलेली तूर घेतली जाईल असे पुढे सांगण्यात आले. पण दादा त्याआधीच कंटाळून माघारी फिरला होता आणि वाटेतच बहुतेक तूर मिळेल त्या भावाने देऊन आला होता. एक कट्टा त्याने विकला नाही. तो बहिणीकडे आणून टाकला.

अक्कांनी ती तूर भरडली, पाखडली आणि गल्लीत घरोघर वाटीवाटी डाळ वाटली. आमच्याकडे आल्या तेव्हा मी संकोचून पैसे विचारले. त्या म्हणाल्या, "राहू द्या गुरुजी. भावच नाही तिला, पैसे कशाचे घ्यायचे?" त्या रात्रीचे वरण उत्तम झाले होते. मला ते गिळवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बैठकीत मी अक्कांचा दोन वर्षांपूर्वीचा प्रश्न मांडला. हशा पिकला नाही. हळूहळू सर्वांनाच दिसले की दोनशेच्या वर्षी शेतकरी कमावत नव्हता, आणि स्वस्ताईच्या वर्षी सरकार वळणावर आलेले नव्हते. दोन्ही वेळा उपाय योजले गेले, ते माल शेतकऱ्याच्या हातून गेल्यावर. साठ्याच्या मर्यादा आल्या तेव्हा त्याच्या घरात साठा नव्हता. तुरीच्या निर्यातीवरची बंदी २०१७ च्या सप्टेंबरात उठली तेव्हाही नव्हता. पुढे २०२१ च्या मे महिन्यात आयात पुन्हा खुली झाली, तीही नेमकी पेरणीच्या तोंडावर. हातावर तुरी देणे या वाक्प्रचाराचा अर्थ मी कितीतरी विद्यार्थ्यांना सांगितला असेल; तो इतका शब्दशः अनुभवाला येईल असे वाटले नव्हते.

आता कोणी म्हणेल, गप्पांनी हे कसे बदलणार? इतिहास निराळे सांगतो. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या गृहिणी तेलाच्या आणि साखरेच्या भावावर आधी चाळीच्या सज्ज्यातच बोलत होत्या. त्याच काळात मराठवाड्यातल्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. त्यांचे बोलणे कामाविषयी आणि मजुरीविषयी होते. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, त्याच्यामागे त्या दुष्काळाचा अनुभव होता. सज्ज्यातले आणि खडीच्या ढिगाऱ्यावरचे बोलणे मागणी झाले, म्हणून त्याला वजन आले. आपले बोलणे निदानापाशी थांबते आणि निदानही बहुधा शेजाऱ्याच्या नावाने निघते, हा आपला दोष आहे.

मग मागायचे काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू आणि भरड धान्य आहे, डाळ नाही. वास्तविक खरेदी केलेल्या तुरीची डाळ आपल्या राज्याने पुढे काही काळ रेशन दुकानांतून ५५ रुपयांना दिली. अक्कांच्या हिशेबाने पाहा: ५०५० रुपये क्विंटलच्या तुरीची डाळ नुसत्या मालाच्या किमतीतच ७२ रुपयांना पडते. म्हणजे पिकवणाऱ्याला हमीभाव आणि खाणाऱ्याला परवडणारा भाव, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी देता येतात. मधले अंतर सार्वजनिक पैशाने भरावे लागते, एवढेच. जे एका अडचणीच्या वर्षी गोदाम रिकामे करण्यासाठी जमले, ते दरवर्षीचा हक्क म्हणून का जमू नये? खरेदी तूर निघताना सुरू व्हावी, डाळ रेशनच्या कार्डावर यावी, आणि आयातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर होऊन हंगामभर टिकावे. या तीन मागण्यांत बहीण आणि भाऊ दोघांचेही हित आहे.

तोवर आमच्या गल्लीने एक लहानसे काम चालवले आहे. टपरीशेजारच्या भिंतीवर शाळेतला एक जुना फळा लावला आहे. त्यावर रोज सकाळी दोन आकडे लिहिले जातात: दुकानातला डाळीचा भाव आणि मोंढ्यातला तुरीचा भाव. डाळीचा आकडा अक्का सांगतात, तुरीचा मोंढ्यात हमाली करणारा एक शेजारी सांगतो, आणि खडू अजून माझ्याच हातात आहे. थट्टामस्करी पूर्वीसारखीच चालते, ती थांबावी अशी माझी इच्छाही नाही. फक्त डाळ महागली की आता कोणी शेतकऱ्याची चंगळ झाली असे म्हणत नाही. आधी फळ्याकडे पाहतात, आणि मग विचारतात, "मधले कुठं गेले?"

हा प्रश्न आपापल्या गल्लीत घेऊन जा, एवढीच विनंती करून मी थांबतो.