पांघरुणाचा एक चौकोन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विणकामावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी म्हटले, अहो, विणकाम हे बोलायचे नव्हे, दाखवायचे काम. त्यावर त्या म्हणाल्या, मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, तेव्हा बोलाच. आता दिसण्या-न दिसण्याचीच एक गोष्ट मला सांगायची आहे, म्हणून मीही फार आढेवेढे घेतले नाहीत.

नागपुरात लोकर कशाला हवी, असे बाहेरच्या पाहुण्या हसून विचारतात. आपले ऊन सर्वांना ठाऊक आहे. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे कोणी लक्षात ठेवीत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडून, तिकडे बालाघाट-छिंदवाड्याकडून रुग्णांबरोबर आलेली माणसे अशा थंडीत रुग्णालयाच्या आवारात एखादी चादर अंगाखाली घेऊन निजतात. त्यांच्यासाठी पांघरुणे करायची असे आपण काही जणींनी ठरवले. प्रत्येकीने आठ इंचांचे चौकोन विणायचे. रुंदीत सहा आणि लांबीत आठ असे अठ्ठेचाळीस जोडले की चार फूट रुंद आणि पाच फूट चार इंच लांब पांघरूण होते.

घरोघरी उरलेल्या लोकरीच्या गुंड्या असतातच, तेव्हा चौकोन तीन रंगी ठरले. वीण अशी, की एका वेळी हातात एकच रंग. आठ नंबरच्या सुयांवर एकेचाळीस टाके घाला. पहिल्या दोन ओळी पहिल्या रंगाने सगळ्या सुलट. पुढच्या दोन ओळी दुसऱ्या रंगाने: एक टाका सुलट, एक न विणता नुसता उचलून दुसऱ्या सुईवर घ्यायचा, आणि शेवटचा सुलट. परतताना तेच टाके पुन्हा उचलायचे. मग तिसऱ्या रंगाच्या दोन ओळी सगळ्या सुलट. त्यानंतर पुन्हा पहिल्या रंगाने उचलायची ओळ. पण आता सुरुवातीला दोन सुलट, मग एक उचला, एक सुलट, असे करीत जायचे आणि शेवटी दोन सुलट राहू द्यायचे, म्हणजे मागे जो टाका उचलला तो आता विणला जातो. रंग तिनाच्या फेऱ्याने फिरतात आणि वीण चाराच्या, त्यामुळे चोवीस ओळी होईपर्यंत तीच जोडी पुन्हा येत नाही. पाहणारी समजते, फार अवघड काम आहे. आपण समजू द्यावे!

उचललेला टाका खालच्या ओळीतून वर ताणला जातो आणि वीण जाड, उठावदार होते. मात्र टाका उचलताना सुई उलट टाक्यासारखी घालावी, नाहीतर त्याला पीळ पडतो. आणि लोकर नेहमी चौकोनाच्या मागल्या अंगाला ठेवावी. परतीच्या ओळीत मागले अंग आपल्याकडे असते, म्हणून टाका उचलण्यापूर्वी लोकर पुढे घ्यावी लागते. इथेच पुष्कळजणी चुकतात. हातही प्रत्येकीचा निराळा. तेच एकेचाळीस टाके कोणाचे आठ इंच भरतात, कोणाचे साडेसात. अर्धा इंच म्हणजे काय मोठेसे, असे म्हणू नका. लांबीच्या आठ चौकोनांत तोच चार इंच होतो. टाके मोजून थांबू नये, टेप लावावी.

लोकर वाटण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्या थोरल्या जाऊबाई आमच्या घरातल्या विणकामातल्या गुरू. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा देशभर बायका-मुली जवानांसाठी विणीत होत्या. शाळकरी वयाच्या जाऊबाई तेव्हाच मोजे विणायला शिकल्या. लोकर गडद हिरवी, घरात कंदील; टाका दिसेना, म्हणून बोटाने ओळखायची सवय लागली, असे त्या सांगतात. अलीकडे काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे, आणि काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. मी नावांची यादी केली आणि त्यांचे नाव घातले नाही. चुका उसवत कोण बसणार, असे मी बोललेसुद्धा, आणि ते त्यांनी आतल्या खोलीतून ऐकले.

दुपारी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "माझी लोकर कुठे आहे गं?"

मला उत्तर सुचले नाही. लोकर आणून दिली. त्यांनी लाल गुंडी तांब्यात ठेवली, पांढरी वेताच्या टोपलीत, निळी कापडी पिशवीत, आणि तिन्ही ओळीने मांडून घेतल्या. "फक्त ओळीची सुरुवात सांग," म्हणाल्या. दोन दिवस सांगितली. तिसऱ्या दिवशी सांगायची गरज उरली नाही. सगळ्या सुलट ओळींचा बांध अंगठ्याखाली सलग लागतो, उचललेल्या ओळींचा तुटक लागतो. आणि गेल्या खेपेला जिथे खळगा होता तिथे आता उंचवटा हवा. तेवढ्यावर कोणती ओळ आली ते त्यांना कळे. साध्या गुळगुळीत विणीत हे साधले नसते.

(जाता जाता एक सूचना. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक. तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका. उठाव बसला की पुन्हा वर येत नाही. ओला चौकोन टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवा.)

जाऊबाईंचे सात चौकोन झाले, आठही बाजूंनी नव्हे हो, चारही बाजूंनी आठ-आठ इंच! जोडणीच्या दिवशी सर्वांचे चौकोन सतरंजीवर मांडले होते. त्या एकेक हातात घेऊन अंगठा फिरवीत होत्या. एका चौकोनावर थांबल्या. "इथे लोकर पुढे राहिली आहे. आडवा धागा लागतोय. कोणाचा गं हा?"

मी पाहिले तर निळ्यावर पांढरी काडी आडवी पडलेली. चौकोन माझाच होता. चष्मा लावून विणलेला.

"तुमचे नाव मी घातले नव्हते, जाऊबाई," मी म्हटले.

"ते मला ठाऊक आहे. आता हा उसव. वरच्या बारा ओळीच आहेत."

मी उसवू लागले आणि त्या सुटलेली लोकर गुंडीवर गुंडाळत बसल्या.