गोंगाटातले ऐकणे



कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेल्या मुलांविषयी एक तक्रार आम्हास वारंवार ऐकावयास मिळते. तपासणीच्या शांत खोलीत मूल शब्द न् शब्द बिनचूक म्हणून दाखविते आणि वर्गात गोंधळते. शिक्षक म्हणतात, लक्ष नाही. घरचे म्हणतात, एवढे ऑपरेशन करून उपयोग काय? दोघांचेही निदान चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निरोगी कानाच्या आतील शंखात आवाज टिपून मेंदूकडे पाठविणाऱ्या सुमारे ३,५०० पेशी असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचे काम १२ ते २२ इलेक्ट्रोडांवर येते. त्यातही वीज आतल्या द्रवातून आजूबाजूला पसरते. त्यामुळे उंच-खालच्या स्वरांचे वेगळे कळतील असे पट्टे बहुतेकांना साधारण आठच मिळतात. शांततेत तेवढे पुरतात. १९९५ साली अमेरिकेत रॉबर्ट शॅनन व सहकाऱ्यांनी चांगले ऐकू येणाऱ्यांना अवघ्या चार पट्ट्यांत वाक्ये ऐकविली. थोड्या सरावाने ती जवळजवळ सर्व समजली.

गोंगाटात मात्र हे गणित कोसळते. ज्या पट्टीवरून आपण बाईचा आवाज पुरुषाच्या आवाजातून वेगळा काढतो, तीच इम्प्लांटमधून धूसर येते. दोघे एकदम बोलले की दोन्ही आवाज एकमेकांत कालवले जातात. लग्नाच्या मांडवात आपण शेजाऱ्याचे बोलणे कलकलाटाच्या फटींतून वेचून घेतो. (बँडपुढे आपलेही काही चालत नाही, ते सोडा.) त्या मुलाला या फटींचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून अंतर कमी करावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. मुलाच्या डोक्यावरचा पंखा मात्र तेवढाच वाजत राहतो. मुलास पुढे, खिडकीपासून दूर बसवावे. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण ओठ दिसले की निम्मे काम सोपे होते. ओरडू तर मुळीच नये. त्याने शब्दाचे रूपच बिघडते. शिक्षकांच्या गळ्याशी लावून आवाज थेट मुलाच्या यंत्रात पाठविणारा बिनतारी माईकही मिळतो. त्याची चौकशी पालकांनी आपल्या ऑडिओलॉजिस्टकडे जरूर करावी.

आता प्रश्नोत्तरे आहेत. पहिल्या रांगेत इम्प्लांट वापरणारे दोन विद्यार्थी बसले आहेत. तेव्हा त्यांच्या वरचा पंखा बंद करावा, आणि प्रश्न एकेकाने, इकडे पुढे येऊन विचारावा.