पहाऱ्यावरील यंत्राची पूर्वतयारी

भोपाळच्या अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केट भाजीबाजारासाठी प्रसिद्ध आहे, तसेच ते दसरा मैदानासाठीही प्रसिद्ध आहे. एरवी मोकळे असणारे हे मैदान रावणदहनाच्या संध्याकाळी माणसांनी फुलून जाते. मैदानाकडे जाणारे रस्ते किती रुंद असावेत, हे ठरविणाऱ्याला वर्षाच्या सरासरीवर विसंबून चालत नाही. त्या एका संध्याकाळचा विचार त्याला करावाच लागतो. दूरध्वनीच्या व्यवस्थेचेही नेमके असेच आहे.

त्या गर्दीत एखादे मूल हरवले किंवा कोणाला भोवळ आली, तर कोणीतरी चटकन मदतीचा क्रमांक फिरवतो. मध्यप्रदेशात 1 नोव्हेंबर 2015 रोजी ‘डायल 100’ ही सेवा सुरू झाली. साऱ्या राज्याचे संकटकालीन दूरध्वनी भोपाळच्या एकाच नियंत्रण केंद्रात यावेत आणि तेथून पोलिसांच्या गाड्या धाडल्या जाव्यात, अशी तिची रचना होती. 2025 साली तिची जागा 112 या क्रमांकाने घेतली. एवढा भार एका ठिकाणी एकवटला, म्हणजे प्रश्न उभा राहतो तो असा की, ही व्यवस्था नीट चालली आहे हे कळावयाचे कसे?

दूरध्वनी उचलला गेला, एवढ्यावरून ते कळत नाही. बोलणाऱ्याला किती वेळ थांबावे लागले, आवाज तुटत होता काय, बोलणे मध्येच बंद पडले काय, याची नोंद कोणीतरी ठेवावी लागते. त्यासाठी जे यंत्र बसवितात, त्याला देखरेख सर्व्हर म्हणता येईल. त्याच्याकडे दोन प्रकारच्या नोंदी येतात. पहिली संभाषणाची: ते केव्हा सुरू झाले, किती वेळ चालले, कसे संपले. दुसरी गुणवत्तेची: आवाज पोहोचण्यास किती विलंब लागला, आवाजाचे किती तुकडे वाटेत हरवले. एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा संकेत आहे. त्यापुढे विलंब वाढत गेला, म्हणजे दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. आणि घाबरलेल्या माणसाचा पत्ता समजून घेताना ही गोष्ट मुळीच क्षुल्लक नसते.

असे यंत्र बसविताना पुष्कळदा आधी यंत्र विकत घेतले जाते आणि गरजेचा विचार मागाहून होतो. वस्तुतः क्रम उलटा हवा. पहिला प्रश्न सर्वांत गर्दीच्या तासाचा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या गणितज्ञाने 1909 आणि 1917 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हे गणित मांडले. दूरध्वनीचा भार मोजण्याच्या एककाला आज त्याचेच नाव आहे. समजा, एका तासात 600 दूरध्वनी आले आणि प्रत्येक सरासरी 3 मिनिटे चालला, तर भार 30 एर्लांग झाला. म्हणून 30 वाहिन्या पुरतील असे मात्र नव्हे. दूरध्वनी रांगेने येत नाहीत, एकदम येतात. शंभरांत एकाहून अधिक माणसांना नकार मिळू नये असे वाटत असेल, तर 42 वाहिन्या लागतात. या वरच्या 12 वाहिन्यांना उधळपट्टी म्हणणाऱ्याने दसऱ्याची संध्याकाळ पाहिलेली नसते.

देखरेखीच्या यंत्राला तर याहूनही सावध हिशेब लागतो. मुख्य व्यवस्था कोलमडू लागली, की नकार मिळालेली माणसे पुनःपुन्हा प्रयत्न करतात आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचीही नोंद करावी लागते. म्हणजे पहारेकऱ्यावरील ताण वाढतो तो नेमका संकटाच्याच वेळी.

दुसरा प्रश्न साठवणुकीचा. दिवसाला 6,000 दूरध्वनी आणि प्रत्येकाची नोंद 2 किलोबाईटची धरली, तर 180 दिवसांच्या नोंदी सुमारे 2 गिगाबाईटमध्ये मावतात. पण प्रत्यक्ष आवाजही जपावयाचा ठरला, तर चित्र पालटते. दूरध्वनीच्या रूढ पद्धतीत एका मिनिटाच्या आवाजाला सुमारे 480 किलोबाईट लागतात. त्या हिशेबाने तेवढ्याच दिवसांचे ध्वनिमुद्रण दीड टेराबाईटच्या घरात जाते. नोंद आणि आवाज यांत हे असे सातशे पटींचे अंतर आहे. तेव्हा काय जपावयाचे हे ठरविल्यावाचून तबकडी किती मोठी हवी, हे सांगणेच अशक्य. 180 दिवस हा आकडाही मनचा नव्हे. देशातील संगणक-सुरक्षेची जबाबदारी असलेल्या ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या आदेशान्वये संगणक-व्यवस्थांच्या कार्यनोंदी तेवढे दिवस जपणे बंधनकारक केले आहे. त्याच आदेशात यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळविण्यासही सांगितले आहे. दोन यंत्रांच्या घड्याळांत दोन मिनिटांचा फरक असला, तर आधी दूरध्वनी आला की आधी गाडी निघाली, हेच ठरविता येत नाही.

तिसरा प्रश्न जागेचा. पहारेकरी ज्या घरावर पहारा देतो त्याच घरात झोपू लागला, तर आग लागल्याची बातमी देणार कोण? म्हणून देखरेखीचे यंत्र, त्याचा माहितीसाठा आणि त्याचा वीजपुरवठा शक्य तितका वेगळा असावा. मायक्रोसॉफ्टच्या ‘लिंक’ या संवादप्रणालीच्या 2010 च्या आवृत्तीत या कामासाठी स्वतंत्र सर्व्हर असे आणि नोंदी आधी एका रांगेत जमा होऊन मग माहितीसाठ्यात जात. साठा काही काळ बंद पडला, तरी रांगेतील नोंदी वाचत. 2013 च्या आवृत्तीत हे काम मुख्य सर्व्हरवरच सोपविण्यात आले. त्यामुळे यंत्रे कमी झाली खरी, पण मुख्य सर्व्हरच्या क्षमतेचा हिशेब हा भार धरूनच करणे आले. मार्ग कोणताही असो, भार नाहीसा होत नाही. तो केवळ जागा बदलतो.

चौथा प्रश्न यंत्राचा नसून माणसांचा आहे. दूरध्वनीवरील संभाषण हा व्यक्तीच्या खाजगीपणाचा भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या खटल्यात दिला. तेव्हा या नोंदी कोणी पाहावयाच्या, कोणी ऐकावयाच्या आणि केव्हा पुसावयाच्या, याचे नियम यंत्राच्या मागणीपत्राबरोबरच लिहिले गेले पाहिजेत. व्यवस्थेवर देखरेख ठेवणे आणि माणसांवर पाळत ठेवणे यांतील सीमारेषा यंत्र आखीत नाही. ती माणसांनीच आखावयाची असते.

शेवटचा प्रश्न विश्वासाचा, आणि त्याचे महत्त्व भोपाळइतके दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक असणार! 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील 610 क्रमांकाच्या टाकीमधला दाब वाढलेला मापकावर दिसत होता. परंतु तेथील उपकरणांवरचा भरवसा आधीच उडालेला असल्याने त्या आकड्याला कोणी महत्त्व दिले नाही. पुढे वायू शहरभर पसरला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. मापक होता, आकडाही होता. नव्हता तो त्या आकड्यावर विश्वास, आणि तो पाहताच काय करावयाचे याचा निश्चय.

म्हणून देखरेख सर्व्हरच्या मागणीपत्रात प्रक्रियक, स्मृती आणि तबकडी यांच्या मापांखाली आणखी दोन ओळी असाव्यात. धोक्याचा इशारा कोणत्या आकड्यावर द्यावयाचा, ही पहिली. आणि तो इशारा रात्री दोन वाजता कोणी ऐकावयाचा, ही दुसरी. वेळोवेळी मुद्दाम बिघाड घडवून आणून इशारा खरोखर उमटतो की नाही, हेही पाहावे. ज्या यंत्राची अशी परीक्षा झालेली आहे, त्याच्यावरच माणसे ऐन वेळी विश्वास ठेवतात.