एकच रक्त, दोन आकडे

२०१८च्या पावसाळ्यात माझ्या अम्माच्या रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम ६.८. ते साडेतीन ते पाचच्या आसपास असावं. डॉक्टर म्हणाले, "हृदय बंद पडू शकतं, लगेच घेऊन या." अम्मा तेव्हा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. ईसीजी ठीक निघाला, म्हणून त्यांनी दुसऱ्या लॅबमधून तातडीनं तपासणी करायला लावली. आकडा आला ४.४!

मी बी.ए. झालेला कवी, शास्त्र दहावीलाच सुटलेलं. पण त्या आकड्यानं माझा घाम काढला होता. म्हणून लॅबमधल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "काका, पोटॅशियम रक्तपेशींच्या आत खूप असतं. बारीक सुईनं रक्त जोरात ओढलं, नळी खळखळ हलवली, की पेशी फुटतात आणि ते बाहेर येतं. रक्त तासन्‌तास तसंच पडलं तरी आकडा चढतो." साखरेचं उलट. पेशी नळीतही साखर खात राहतात, म्हणून तिच्यासाठी फ्लोराइड घातलेली, राखाडी बुचाची नळी.

आमचं पहिलं रक्त सकाळी सातला घेतलेलं, लॅबला पोचलं दुपारी.

चांगल्या लॅब माहीत उत्तराचा नमुना लावून रोज मशीन तपासतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडूनही लॅबना परीक्षेचे नमुने जातात. पण सुई टोचणारा हात आणि पिशवी नेणारी मोटरसायकल या परीक्षेला बसत नाहीत.

आता मी रक्त घेणाऱ्याला विचारतो, "हे लॅबला किती वाजता पोचणार?" काहीजण चिडतात.